रात्रीच्या ऑफिसातली ती बाई

प्रश्न : ताई, वडिलांच्या नोकरीमुळे सत्तरच्या दशकात आम्ही काही वर्षं इंग्लंडमध्ये होतो. शनिवारी रात्री आईबाबा टीव्हीवर एक भीतीदायक मालिका लावायचे आणि मला झोपायला पिटाळायचे. मी जिन्याच्या कठड्याआडून चोरून पाहायचो. त्यातली एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. मोठी ऑफिसची इमारत, रात्रीची वेळ, आत एकटी बाई आणि तिच्या मागावर एक माणूस. बराच वेळ कुणी काही बोलतच नाही. ही कोणती मालिका? आणि आता पुन्हा पाहिली तर निराशा होईल का?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्या चार ओळींतच भाग ओळखला. मालिकेचं नाव ‘थ्रिलर’. भागाचं नाव ‘आय ॲम द गर्ल ही वॉन्ट्स टू किल’, साल १९७४. त्या बाईच्या भूमिकेत ज्युली सोमर्स ही अमेरिकन अभिनेत्री आहे आणि मागावरचा माणूस म्हणजे रॉबर्ट लँग. तो खुनाच्या जागेवरून निघत असताना तिने त्याचा चेहरा पाहिलेला असतो, एवढाच तिचा गुन्हा.

तुमची आठवण अगदी बरोबर आहे. पुढचा मोठा भाग जवळजवळ संवादाविना जातो. रिकाम्या मार्गिका, बंद दारं, टेबलांच्या रांगा, आणि दोघांच्या पावलांचे आवाज. ती एका खोलीत श्वास रोखून उभी असते, तो शेजारच्या खोलीत शोधत असतो, आणि आपल्याला दोघंही दिसत असतात. लँग यांचा चेहरा मुद्दाम पाहा. डोळे वटारणं नाही, दात-ओठ खाणं नाही. हरवलेली फाईल शोधणाऱ्या कारकुनाइतका तो शांत आहे आणि म्हणूनच अंगावर काटा येतो.

निराशेचं विचारता, तर मी ही मालिका डीव्हीडीवर पुन्हा पुन्हा पाहते आणि हा भाग लावताना आजही घरातले सगळे दिवे मालवत नाही. ब्रायन क्लेमेन्स या लेखकाने ‘थ्रिलर’ घडवली. ‘द ॲव्हेंजर्स’ या ब्रिटिश हेरगिरीच्या मालिकेमुळे तो आधीच नावाजलेला होता. एटीव्ही या ब्रिटिश टीव्ही कंपनीसाठी १९७३ ते १९७६ या काळात मालिकेचे ४३ भाग झाले. प्रत्येक भाग साधारण सव्वा तासाच्या वेळेत बसणारा, दर वेळी नवी गोष्ट आणि नवी माणसं. बहुतेक गोष्टी क्लेमेन्सच्याच. एका माणसाने इतक्या थोड्या वर्षांत एवढं लिहावं याचं मला फार अप्रूप वाटतं, आणि त्याचं नाव आज इतकं कमी घेतलं जातं याचं वाईटही वाटतं.

तुम्हाला सुरुवातीची नामावली आठवते का? गोष्टीत पुढे येणाऱ्या जागांची चित्रं एकामागून एक येतात. घर, जिना, रस्ता. पण त्यांत माणूस नाही. गोलाकार फुगलेल्या भिंगातून घेतलेली, त्यामुळे सगळं वाकलेलं, आणि भोवती लालभडक चौकट. त्यावर लॉरी जॉन्सन यांचं संगीत. अजून काहीच घडलेलं नसतं, पण इथे काहीतरी घडणार आहे हे त्या रिकाम्या जागाच सांगतात.

प्रश्न : तुमच्या शिफारशीवरून ‘थ्रिलर’चे काही भाग पाहिले. सेट नाटकासारखे वाटतात, बाहेरचं दृश्य आलं की चित्राचा पोतच बदलतो, आणि खुनी कोण हे बऱ्याचदा सुरुवातीलाच कळतं. मग शेवटपर्यंत पाहायचं कशासाठी?

उत्तर : पोत बदलतो कारण तंत्रच बदलतं. घरातले प्रसंग स्टुडिओत तीन-चार कॅमेरे लावून व्हिडिओटेपवर, आणि बाहेरचे १६ मिलिमीटर फिल्मवर. त्या काळी ब्रिटिश टीव्हीवर सर्रास असंच काम चाले. सुरुवातीला खटकतं, हे कबूल. पण स्टुडिओ म्हणजे मोजक्या खोल्या. पात्रं त्यांतून सहज बाहेर पडू शकत नाहीत आणि लेखकही पडू शकत नाही. पाठलाग, गाड्यांची मोडतोड, मोठा जमाव यांतलं काही परवडणारं नाही. उरतं काय? एक दार, एक टेलिफोन, आणि खोटं बोलणारा माणूस. क्लेमेन्सने या तीन गोष्टींवर कितीतरी भाग उभे केले आहेत.

आता खुनी आधी कळण्याबद्दल. ‘लेडी किलर’ हा अगदी पहिला भाग घ्या, १४ एप्रिल १९७३ चा. रॉबर्ट पॉवेल एका बुजऱ्या अमेरिकन बाईवर प्रेमाचं जाळं टाकतो. बार्बरा फेल्डन यांनी ती बाई केली आहे. त्याच्या मनात काय आहे हे आपल्याला लवकरच उमगतं, तिला मात्र काहीच माहीत नसतं. तो दार उघडून धरतो, गोड बोलतो, लग्न करतो, आणि त्याच्या प्रत्येक चांगुलपणाने आपल्या पोटात गोळा येतो. ‘कोण’ हे कोडं सुटलं की संपतं. ‘तिला कधी कळणार’ हा प्रश्न मात्र तासभर खुर्चीला खिळवून ठेवतो. त्यातूनही क्लेमेन्स एखादी गोष्ट हातची राखून ठेवतोच. ती मी इथे सांगणार नाही.

सगळेच भाग सारख्या तोडीचे नाहीत. अमेरिकेत विक्री व्हावी म्हणून पुष्कळ भागांत एक अमेरिकन पात्र घातलेलं आहे, आणि कधी कधी ते इंग्लंडमध्ये नेमकं का आलं आहे हे पटवता पटवता दहा मिनिटं जातात. भुताखेतांचे, चेटुकाचे भाग मला कमी भावतात. भीती माणसाकडून आली पाहिजे. आणि बायकांनाच इतक्या वेळा सावज करणं आज बोचतं, तसं ते बोचायलाच हवं. मात्र त्यातल्या पुष्कळ जणी स्वतःच्या डोक्याने सुटतात, हेही नजरेआड करू नका.

प्रश्न : एका भागाची प्रत मिळाली, पण सुरुवातीची दृश्यं मूळ गोष्टीशी जुळत नाहीत. नटही वेगळेच दिसतात. फसवणूक आहे का?

उत्तर : फसवणूक नाही, ती अमेरिकेसाठी केलेली आवृत्ती आहे. तिकडे हे भाग स्वतंत्र चित्रपट म्हणून दाखवताना नव्या नामावल्या चित्रित केल्या, त्यांत मूळ कलाकार नाहीत. काही नावंही बदलली. ‘नर्स विल मेक इट बेटर’चं ‘द डेव्हिल्स वेब’ झालं. लाल चौकटीची प्रत शोधा, तीच अस्सल.

प्रश्न : ‘टेल्स ऑफ द अनएक्स्पेक्टेड’ आवडलेल्याला ‘थ्रिलर’ आवडेल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : जात वेगळी आहे. अँग्लिया टेलिव्हिजनची ती मालिका १९७९ मध्ये सुरू झाली, आधी रोआल्ड डाल यांच्या कथांवर. अर्ध्या तासाची गोष्ट आणि शेवटी कलाटणी. ‘थ्रिलर’ला दम धरावा लागतो. तो धरायची तयारी असेल तर पहिल्यांदा ‘द आयज हॅव इट’ पाहा. अंध विद्यार्थ्यांच्या संस्थेत मारेकरी घुसतात आणि या मुलांना काय दिसणार, अशा भ्रमात राहतात. मुलं आवाजावरून, वासावरून एकेक धागा जुळवत जातात. डेनिस वॉटरमन आणि शिनेड क्युसॅक त्यात आहेत. त्यानंतर ‘अ कॉफिन फॉर द ब्राइड’, तरुण हेलन मिरेनसाठी आणि मायकेल जेस्टनच्या गोड बोलण्यासाठी. ऑफिसातला भाग तिसरा ठेवा, आणि तो पाहताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. त्यात पावलं ऐकू येणं फार महत्त्वाचं आहे.