गावी राहायला जाताना गाडी विकावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: निवृत्तीनंतर दोघांनीच संगमेश्वर तालुक्यातल्या घरी कायमचं जायचं, गावात एसटी येते, मग मुंबईतली गाडी विकून टाकावी का? माझ्या मते इतक्यात विकू नका. मात्र बाजारहाटासाठी गाडी लागते, हा समज आधी काढून टाका.

सामानसुमान एसटीवर भागतं. गावात वस्तीची गाडी आहे का, एवढं विचारा. संध्याकाळी येऊन मुक्काम करते आणि पहाटे सुटते ती. तीच सगळ्यात भरवशाची, कारण सकाळी ती गावातच उभी असते. दुपारच्या फेऱ्या बहुतेक शाळेच्या वेळेवर बेतलेल्या असतात, सुट्टी लागली की बंद. गणपतीत जादा गाड्या मुंबईकडे लागतात, तेव्हा तर विचारूच नका. बँक, औषधं, बाजार एकाच खेपेत उरका. बायकांना आणि 65 च्या पुढे अर्धं तिकीट, 75 नंतर फुकट. गॅसची गाडी ठरलेल्या वारी येते, म्हणून सिलिंडर दोन हवेत.

गाडीची खरी गरज रात्री, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला. 108 ची रुग्णवाहिका मोफत येते, पण ती काय नि तुमची गाडी काय, रस्त्यापर्यंतच. घर पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, खाली असेल तर जांभ्याच्या पायऱ्यांवरून पेशंट वर न्यायचा कसा? हातांची मजबूत खुर्ची आणि आठेक फुटांचे दोन बांबू पडवीत ठेवा. बांबू बैठकीखालून दोन्ही बाजूंनी दोरीने आवळायचे, पेशंटला कमरेशी खुर्चीला बांधायचं, चौघांनी उचलायचं. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, ते दर पंधरवड्याला खरवडावंच लागतं. फुरसं, म्हणजे कोकणातला तो लहान विषारी साप, चावलं तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, पेशंटला चालवू नका. सर्पदंशाची लस आणि रात्री डॉक्टर कुठल्या सरकारी दवाखान्यात असतात, हे जाताच विचारून ठेवा.

आता उभ्या गाडीचं. बंद गाडीही घड्याळ, लॉक वगैरेंसाठी 30 ते 50 मिलिअँपिअर वीज खात राहते, म्हणजे दिवसाला अंदाजे एक अँपिअर-तास. लहान गाडीची 35 अँपिअर-तासाची बॅटरी महिनाभरात मान टाकते, आणि हे कळतं नेमकं रात्री दोन वाजता. आठवड्यातून एकदा 20-25 मिनिटं रस्त्यावर फिरवा. अंगणात नुसतं इंजिन सुरू ठेवून भागत नाही. मुंबईला जाणार असाल तर 10 च्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल काढा. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवलात तर ब्रेक चिकटतो, त्यापेक्षा गिअरमध्ये उभी करून चाकाला दगड लावा. उंदीर वायरी कुरतडतात. त्यांना बॉनेटखालचा अंधार आवडतो, म्हणून पडवीत असेल तर रात्री बॉनेट उघडं ठेवा. टाकी अर्ध्याखाली उतरू देऊ नका.

दोघांपैकी कोणालाच रात्री घाटातून चालवणं जमत नसेल, तर मात्र गाडी खुशाल विका आणि वाडीतल्या रिक्षावाल्याशी रात्रीचं भाडं आत्ताच ठरवा. त्याचं घरही बघून ठेवा. वीज गेली की काही तासांत टॉवरही बंद पडतो, मग नंबर असून उपयोग नाही.