हॉट योगाने वजन खरंच उतरतं का? फायदे काय, धोके काय?

उतरतं की. तापवलेल्या खोलीतला वर्ग संपल्यावर काट्यावर उभे राहा, किलोभर कमी दिसेल. मग घरी जा, जेवा, पाणी प्या, झोपा आणि सकाळी परत काट्यावर या. आकडा जिथल्या तिथे. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, चरबी त्यातून बाहेर पडत नाही.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात बाणेरच्या स्टुडिओत ४० अंशांच्या खोलीत दीड तास वर्ग असतो, तीन महिन्यांची फी एकदम भरली तर सवलत मिळते, आणि तिथल्या ताई म्हणाल्या, ‘जितका घाम, तितकी चरबी जळते.’ हे वाक्य मी नोकरीभर ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो. योगातलं मला फार कळतं असं नाही. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत पी.टी.चा मास्तर होतो, कुस्तीची पोरं तयार करायचो.

आमच्याकडे मला सीनियर असलेले एक सर होते. घामावर त्यांची देवासारखी श्रद्धा. १९९९ साली शालेय कुस्तीला पोरं घेऊन आम्ही बाहेरगावी गेलो होतो. पावसाळा, भिंतींना ओल. दुसऱ्या दिवशी सकाळी वजनं आणि आमचं एक पोरगं ४८ किलोच्या गटाला सव्वा किलो जास्त भरत होतं. सर म्हणाले, ‘सव्वा किलो म्हणजे काय, दोन तासांचं काम!’ मुक्कामाच्या शाळेमागं पत्र्याची खोली होती, तिथं अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. सरांनी तो धडधडून पेटवला. पोराला दोन स्वेटर, वरून रेनकोट, कानाला मफलर, तोंडात लिंबाची फोड. चोखायची आणि थुंकायची, गिळायचं काही नाही. ‘बैठका मार, बसायचं नाही,’ म्हणाले आणि दाराला बाहेरून कडी घातली.

मी वजनानंतर खायला केळी आणायला गेलो होतो. परत आलो तर सर दारापुढं खुर्ची टाकून तंबाखू मळत बसलेले. कडी मीच काढली. आत धूर कोंडलेला (बंद खोलीत जाळ म्हणजे कोळशाच्या विषारी वायूचा धोका वेगळाच, पण ते राहू दे). पोरगं बैठका मारतच होतं. फक्त प्रत्येक बैठकीला एक हात भिंतीला टेकत होतं आणि रेनकोटच्या बाहीतून घामाची धार मनगटावरून खाली पडत होती. मी विचारलं, ‘उद्या पहिली कुस्ती कुणाबरोबर रे?’ त्यानं जरा विचार केला आणि सांगितलं, ‘गणिताच्या बाईंबरोबर.’

सर मोठ्यानं हसले. मी रेनकोटची बटणं उघडायच्या भानगडीत न पडता तो ओढून फाडला, पोराला हौदापाशी बसवलं, डोक्यावर-अंगावर बादल्या ओतल्या आणि दोन पोरांना वह्यांच्या पुठ्ठ्यांनी वारा घालायला लावलं. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. मध्यरात्री पोरगं माणसात आलं. सकाळी मी त्याला काट्यावर चढू दिलं नाही. ‘मास्तर, तुम्ही शाळेचं मेडल घालवलंत’ हे मी पुढं सरांच्या निरोप समारंभापर्यंत ऐकलं.

आता यातलं तुमच्या कामाचं. उष्माघात झाला की घाम थांबतो, असं बहुतेकांना वाटतं. व्यायामातून होणाऱ्या उष्माघातात माणूस अनेकदा घामानं निथळत असतो. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांवर गेलं की आधी डोकं भरकटतं. असंबद्ध बोलणं, चिडणं, तोल जाणं. असं दिसलं की ‘जरा पड, बरं वाटेल’ नाही. जागच्या जागी गार पाणी, बर्फ, वारा, आणि मग दवाखाना.

सरांचा युक्तिवाद असायचा की सगळं जग असंच वजन उतरवतं. उतरवत होतं खरं. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये महिन्याभरात तीन कॉलेज पैलवान असेच जिवानिशी गेले. रबरी सूट, गरम खोली, पाणी बंद. त्यानंतर १९९८ च्या जानेवारीत तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेनं रबरी सूट, सॉना (घाम काढायची गरम खोली) आणि तापवलेल्या खोल्या, सगळ्यावर बंदी घातली. म्हणजे आमचा बंब पेटला तेव्हा तिकडे तो बंद होऊन वर्ष उलटलं होतं.

सर आता निवृत्त आहेत आणि व्हॉट्सॲपवर आहेत. पॅरिस ऑलिंपिकनंतर त्यांनी ग्रुपवर टाकलं, अमन सेहरावतनं एका रात्रीत ४.६ किलो उतरवून ब्राँझ आणलं. आणलं ना! पण प्रशिक्षक रात्रभर त्याच्याबरोबर जागे होते, सॉनात एका वेळी पाचच मिनिटं बसवत होते, आणि गडी २१ वर्षांचा, तयारीचा. दोनच दिवस आधी विनेश फोगाटनं रात्रभर तेच केलं होतं. तरी १०० ग्रॅम जास्त भरली, फायनल गेली आणि सलाईन घ्यायची वेळ आली. हे सरांनी ग्रुपवर टाकलं नाही.

गेल्या वर्षी त्यांनी हॉट योगाची जाहिरात पाठवली. खाली ओळ, ‘आपण हे तेव्हाच करत होतो.’ मग मी त्या विषयातलं मिळेल ते वाचून काढलं. हे खूळ बिक्रम चौधरींचं. गृहस्थ मूळ कलकत्त्याचे, पसारा मांडला लॉस एंजेलिसमध्ये. २६ आसनं, ९० मिनिटं, ४० अंश आणि वर दमट हवा. पुढं माणूस कोर्टकचेऱ्यांत अडकला, खोल्या मात्र तापतच राहिल्या. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठानं मोजलं तर ९० मिनिटांच्या वर्गात पुरुषांचे सुमारे ४६० आणि बायकांचे ३३० कॅलरी खर्च झाले. तेवढा वेळ झपझप चाललात तर तेवढंच होतं, आणि पाषाणचा तलाव तुम्हाला जवळ आहे. टेक्सास स्टेट विद्यापीठानं २०१८ मध्ये ४० ते ६० वयाच्या, व्यायाम न करणाऱ्या लोकांना तीच आसनं बारा आठवडे करायला लावली, काहींना ४० अंशांत आणि काहींना २३ अंशांत. रक्तवाहिन्यांना फायदा दोघांनाही झाला, आणि सारखाच. म्हणजे काम आसनांनी केलं, हीटरनं नाही.

त्यात खोली दमट. घाम अंगावर वाळला तरच अंग गार होतं; लिटरभर घाम वाळताना जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट हवेत तो वाळत नाही, चटईवर टपकतो. टपकलेला घाम फुकट गेला.

फायदे नाहीतच असं मी म्हणत नाही. आठवडा-दोन आठवडे उष्णतेत बेतानं व्यायाम केला की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. कुणाला उन्हाळ्यात मुंबईत पळायचं असेल तर उपयोगी आहे. सोडलं की काही आठवड्यांत जातं. अंग गरम असलं की सांधेही जास्त वाकतात, पण त्या भरात स्नायू ताणून दुखावणारे पुष्कळ. आणि २०२३ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलनं नैराश्य असलेल्यांना आठ आठवडे गरम खोलीतला योग दिला, त्यांना चांगला उतार पडला. मात्र तुलना नुसतं यादीत वाट बघत थांबलेल्यांशी होती, थंड खोलीत योग करणाऱ्यांशी नव्हती.

आपल्याकडे आयुर्वेदातल्या वाग्भटानं व्यायाम अर्ध्या शक्तीनं करा म्हणून सांगितलंय, तोही हिवाळ्यात आणि वसंतात. एरवी त्याहून कमी. सरांना हा श्लोक पाठ होता, फक्त विद्यार्थ्यांना लागू नव्हता.

हे आधीच लिहायला हवं होतं: गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर जाऊ नका, पहिल्या तिमाहीत अंग जास्त तापणं बाळाच्या मज्जारज्जूला घातक असतं. बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा लिथियमच्या गोळ्या चालू असतील, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ताप नुकताच उतरलाय, जुलाब झालेत, कडक उपास आहे, त्या दिवशी सुट्टी. नुसतं साधं पाणीही ढोसू नका, रक्तातलं सोडियम खाली येतं. वर्गाआधी आणि नंतर वजन करा. जेवढा फरक, तेवढंच पाणी सावकाश प्या, जोडीला मीठ घातलेलं ताक.

एवढं करूनही जायचं असेल तर जा, धडधाकट माणसाला बेतानं केलं तर काही होत नाही. पण तीन महिन्यांची फी आधी भरू नका. एक दिवसाचे पैसे देऊन जा आणि खोलीतलं तापमान आणि दमटपणा दाखवणारा काटा भिंतीवर आहे का ते बघा. मग ताईंना विचारा, मधेच बाहेर गेलं तर चालेल का. ‘वर्ग संपेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही’ असं उत्तर आलं तर चपला घाला आणि निघा.