बजीसाठी सँडपेपरची नळी घेऊ का? – माझा अनुभव

ताई, चार महिन्यांची बजींची (बजरिगार, म्हणजे छोट्या ऑस्ट्रेलियन पोपटांची) जोडी, पिंजऱ्यासोबत आलेल्या दोन प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या, मादी सारखी पाय उचलते, आणि दुकानदार म्हणतो दांडीवर सँडपेपरची नळी चढवा, नखं आपोआप झिजतील. एवढं तुम्ही लिहिलंय, त्यावरून सांगतो.

नळी घेऊ नका. घेतली असेल तर आजच काढा.

पक्षी दांडीवर बसलेला असताना खाली वाकून बघा. बोटं दांडीला वेढा घालतात, पण नखाचं टोक दांडीपासून सुटं, हवेत असतं. दांडीवर दिवसरात्र घासला जातो तो तळवा. म्हणजे नखं आहे तेवढीच राहतात आणि तळव्याची साल निघते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या कॉकटेलला (कॉकटिएल, तुऱ्याचा पोपट) मीच हौसेने ती नळी आणली होती. दोन महिन्यांनी तो दांडी सोडून पिंजऱ्याच्या जाळीला लटकून झोपायला लागला. मला वाटलं, काय गंमतीशीर सवय! डॉक्टरांनी पाय उलटा करून दाखवला तेव्हा तळव्याच्या मधोमध डाळीएवढा लालबुंद, सुजलेला डाग होता. याला बंबलफूट म्हणतात. जखमेत जंतू शिरले की सूज आत पसरते. त्याला बरं व्हायला तीन महिने लागले.

आता तुमच्या मादीचं. एक पाय पिसांत ओढून, अंग फुगवून, डोळे मिटून बसत असेल तर ती निवांत आहे, काळजी नको. पण टक्क जागी असताना दर थोड्या वेळाने हा पाय, मग तो पाय असं करत असेल, तर पाय दुखतोय. ती जाळीवर चढली की समोरून मोबाइलने तळव्याचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. निरोगी तळव्यावर बारीक खवल्यांची नक्षी दिसते. ती नक्षी पुसून जागा गुलाबी, चकचकीत झाली असेल तर ती पहिली पायरी, आणि बऱ्याचदा नुसत्या दांड्या बदलून ती परत फिरते. सूज, खपली किंवा रक्त दिसलं तर पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडेच जा. घरचं हळद-तूप अजिबात लावू नका. तूप पिसांना लागून ती चिकटतात, आणि उरलेलं ती चाटून पोटात घेते.

मूळ दुखणं प्लॅस्टिकचं कमी आणि एकसारख्या जाडीचं जास्त आहे. बजीच्या पायाला दोन बोटं पुढे, दोन मागे. दांडी टोकापासून टोकापर्यंत सारखी असली की रोज, तासन् तास, त्याच दोन-तीन ठिकाणी भार पडतो. ऑस्ट्रेलियातल्या रानात हेच पाखरू दिवसभरात कधी अंगठ्याएवढ्या फांदीवर, कधी काडीवर बसतं, पकड सारखी बदलत राहते. म्हणून वाकडीतिकडी, कुठे जाड कुठे बारीक अशी खरी फांदी सगळ्यात उत्तम. बजीसाठी साधारण 1 ते 2 सेंमी, कॉकटेलसाठी दीड ते अडीच सेंमी धरा. सोपी खूण सांगतो: बोटांनी दांडीचा दोन-तृतीयांश ते पाऊण घेर धरला पाहिजे. पुढची-मागची बोटं एकमेकांवर चढत असतील तर दांडी फार बारीक. नखांचं म्हणाल, तर जरा जाड, खरखरीत सालीच्या भागावर टोकं टेकतात आणि थोडीफार झिजतात. बाकी डॉक्टरांकडून कापून घ्या.

लाकूड कुठलं? माझी पहिली पसंती पेरू. कठीण असतो, टिकतो, आणि त्याची पापुद्र्यासारखी सुटणारी साल सोलण्यात बजींचा अख्खा दिवस जातो. कडुनिंब आणि तुतीही चालतात. बांबू विषारी नाही, पण पुन्हा गुळगुळीत आणि एकाच जाडीचा, म्हणजे घोडं तिथेच अडलं. कण्हेर आणि रुई घरात आणूच नका, दोन्ही विषारी. चाफ्याचाही चीक असतो, तोही नको. ज्या झाडाचं नाव खात्रीने सांगता येत नाही ते सोडून द्या. फवारणी झालेल्या बागेतली आणि हमरस्त्यावरची फांदीही नको. आणि हो, शहरात झाडावर कोयता चालवायला परवानगी लागते, तेव्हा सोसायटीच्या छाटणीच्या दिवशी माळीकाकांना गाठा. मी तसंच करतो, वर्षाचा साठा होतो.

फांदी आणली की साबण न लावता नुसत्या पाण्याने ब्रशने खसखसून घासा, उकळतं पाणी ओता आणि चार दिवस कडक उन्हात ठेवा. पावसाळ्यात ऊन कुठलं? मग ओव्हनमध्ये 100 अंशांवर अर्धा तास, समोर उभं राहून. ओलसर फांदीवर बुरशी धरते आणि ती पक्ष्याच्या श्वासात जाते, त्यामुळे इथे घाई नको.

बसवायला दोन्ही टोकांना करवतीने खाच पाडून जाळीच्या तारांत अडकवली तरी बजीला पुरते. जड फांदीला स्टीलचा बोल्ट, दोन वॉशर आणि विंग नट. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) तारेने बांधू नका. बजी ती कुरतडतात आणि जस्ताची विषबाधा होते.

जागा: दाण्या-पाण्याच्या वाटीवर दांडी नको, आणि एका दांडीखाली बरोब्बर दुसरीही नको, नाहीतर वरचीची शी खालचीच्या डोक्यावर. शेपूट जाळीला घासू नये. झोपायची दांडी सगळ्यात उंच. पण पिंजरा फांद्यांनी गच्च भरू नका, मधे पंख मारायला जागा हवी. तीन पुरतात.

सुती दोरीची दांडी मऊ असते, दुखऱ्या पायाला आराम देते, मात्र धागे सुटायला लागले की त्याच दिवशी फेका. धाग्यात बोट अडकतं आणि गिळलेले धागे पोटात अडकतात. सिमेंटची खरखरीत दांडी हवीच असेल तर एकच, वाटीपाशी, जिथे ती दोन मिनिटं बसून उठते. झोपायच्या जागी नाही.

एक प्रेमाची सूचना. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या मागच्या छोट्या पिंजऱ्यात आपला देशी हिरवा पोपट दिसतोय. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो घरात ठेवणं गुन्हा आहे. वनविभागाशी बोला, परस्पर उडवून देऊ नका. माणसाळलेला पोपट बाहेर टिकत नाही.

जुन्या दांड्या मात्र एकदम काढू नका. बजी नव्या फांदीला साप बघितल्यासारख्या घाबरतात. आधी पिंजऱ्याबाहेर, त्यांना दिसेल अशी दोन दिवस ठेवा, मग जुनीच्या शेजारी बसवा आणि टोकाला राळ्याचं कणीस बांधा. माझ्या जोडीतला नर अकरा दिवस तिकडे फिरकला नाही. बाराव्या दिवशी सकाळी बघतो तर खाली ट्रेमध्ये सालीचा ढीग.