हेडला आर्गन मारायचं की एफडी मोडून नवीन टाकायचं?

दादा, तुमचं गणित वाचलं. इंदूर-खंडवा रोडला भेरूघाट चढताना टॅक्सी गरम झाली, इंजिनाचं अॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, तडकलं, खरादवाला आर्गन वेल्डिंग, फेसिंग (हेड घासून सपाट करणं), सीट कटिंग (वॉल्व्ह बसतात ती जागा नीट करणं) सगळं धरून 18 हजार सांगतोय अन् नवीन हेड 52 हजार. हातात 20 हजार, अन् 60 हजाराची एफडी आहे ती मुलीच्या जूनच्या फीची.

पहिलं म्हणजे दोन्ही आकडे अर्धवट आहेत. गास्केट, नवे हेड बोल्ट, कूलंट, अन् मुख्य म्हणजे रेडिएटर आणि थर्मोस्टॅट, हे 9 हजार दोन्हीकडे लागणारच, कारण गाडी तापली का ते सापडलं नाही तर नवीन हेडसुद्धा त्याच घाटात तडकेल. म्हणजे 27 विरुद्ध 61. वेल्डिंगला तीन दिवस जास्त लागले तर रोजचे 1,200 धरून 3,600 गेले, तरी फरक 30 हजाराच्या वर राहतो. अन् गाडी तुम्ही दोन वर्षांत विकणार म्हणताय, तेव्हा घेणारा नवीन हेडचे पैसे वेगळे थोडेच देणार.

म्हणून माझं मत वेल्डिंगचं, पण अटीवर. तडा दोन वॉल्व्हच्या मधे असेल अन् एकाच सिलिंडरला असेल तर ठीक, तीन ठिकाणी निघाला तर विषय संपला, नवीनच टाका. फेसिंगआधी हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (पातळ पात्यांचं माप) वाक किती आहे ते तुमच्यासमोर मोजायला लावा, डिझेलमधे वॉल्व्ह अन् पिस्टनमधली जागा आधीच कमी, जास्त घासलं तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. आपले इंदुरी भिया लोक ‘हो जाएगा’ म्हणतात, तेवढ्यावर जाऊ नका. बिल पक्कं घ्या, 18 टक्के जीएसटी धरलाय का तेही विचारा, अन् सहा महिन्यांची गॅरंटी बिलावरच लिहून घ्या.

एफडी मोडल्याची पेनल्टी साधारण अर्धा-एक टक्का व्याजाची असते, ती काही भीती नाही, भीती जूनची आहे. कमी पडणारे 7 हजार एफडीवर लोन घ्या, व्याज एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त लागेल, अन् रोज गल्ल्यातले 300 बाजूला टाकले की महिन्याभरात फिटतं.

अन् प्रेशर टेस्टला स्वतः उभे राहा. हेड गरम पाण्यात बुडवून हवा भरतात, वेल्डिंगपाशी एक जरी बुडबुडा आला तरी पैसे द्यायचे नाहीत.