पजामा डेला जीन्स घालून जाणारी मुलगी

सप्टेंबर संपत आला की मला दरवर्षी एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. मी डॅलसच्या उत्तरेकडे राहते, इथल्या मराठी आणि बाकी देशी घरांसाठी समुपदेशन करते, आणि फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, आमची मुलगी शाळेत मिसळतच नाहीये हो." त्यातलीच ही गेल्या वर्षीची एक केस. घरच्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत बदल करून लिहितेय.

कुटुंब पुण्याचं, इथे येऊन सव्वा वर्ष झालेलं, मुलगी दहावीत. आईने रडत रडतच सांगितलं की शाळेत स्पिरिट वीक (रोज ठरलेल्या थीमचे कपडे घालून जायचा आठवडा) चालू आहे, सोमवारी पजामा डे होता, सगळी पोरं नाइट ड्रेसमध्ये आणि ही नेहमीची जीन्स घालून गेली. मंगळवारी ट्विन डे, म्हणजे मैत्रिणीसारखे सेम कपडे घालायचे, तर त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी बसली. होमकमिंगच्या (माजी विद्यार्थ्यांना बोलावून होणाऱ्या शाळेच्या सोहळ्याच्या) डान्सला कोणी विचारलं नाही, शुक्रवारची गेम नको म्हणते. "हिला डिप्रेशन आहे का हो?"

ज्यांनी टेक्सासमधला हा सीझन पाहिला नाही त्यांना हे सगळं फालतू वाटेल, म्हणून थोडं सांगते. नावाला फॉल म्हणजे पानगळ, पण सप्टेंबरात इथे ३५ डिग्री सहज असतं. दर शुक्रवारी रात्री हायस्कूलची फुटबॉल मॅच, आणि ती किती सिरियसली घेतात तर ॲलन नावाच्या गावातल्या हायस्कूलचं स्टेडियम १८,००० लोकांचं आहे, २०१२ साली उघडलेलं, साधारण ६ कोटी डॉलरचं. शाळेचं बरं का, कॉलेजचंही नाही! मॅचच्या दिवशी जिममध्ये पेप रॅली, म्हणजे टीमला जोश द्यायचा कार्यक्रम, बॅन्ड, चीअरलीडर्स, नुसता दणदणाट. त्यात होमकमिंगचा आठवडा म्हणजे कळस, आणि टेक्सासची स्पेशालिटी म्हणजे 'मम'. मम म्हणजे आपली शेवंतीच. पूर्वी खरं फूल लावायचे, आता कापडाचं ताटाएवढं फूल, त्याला टेडी बेअर, घंटा आणि पार गुडघ्याखाली येणाऱ्या रिबिनी, ते मुली दिवसभर छातीवर वागवतात. शंभर डॉलर सहज जातात, बारावीच्या मुलींचे तर त्याहून कितीतरी महाग.

तर या आईने मुलीला न विचारता मम ऑर्डर केलं. चूक होती, पण मला तिच्याबद्दल कणवच वाटली, कारण तिला खरंच वाटत होतं की इतरांसारखं काहीतरी हिच्या अंगावर दिसलं की ही त्यांच्यातली होईल. मुलीने ते पहिल्या तासाला बाथरूममध्ये काढून दप्तरात कोंबलं आणि घरी आल्यावर आईच्या पुढ्यात टाकलं.

मी मुलीला एकटीला भेटले. आधी जे बघायला हवं ते बघितलं. झोप, भूक, आवडणाऱ्या गोष्टी सुटल्यात का, जगण्यात अर्थ नाही असं काही डोक्यात येतं का. (हे शेवटचं सरळ विचारावं, विचारल्याने मुलांच्या डोक्यात भरत नाही.) दोन आठवड्यांहून जास्त दिवस मूल बहुतेक वेळ उदास किंवा चिडचिडं असेल, झोप नाहीतर खाणं बिघडलं असेल, कशातच रस उरला नसेल तर माझी वाट बघू नका, आधी डॉक्टरकडे जा. आणि मरणाची भाषा ऐकली तर त्याच दिवशी मदत घ्या, हेल्पलाइन अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेली-मानसची १४४१६. या मुलीत तसलं काही नव्हतं. झोपत होती, चित्रं काढत होती, सकाळी सहाला उठून पुण्याच्या मैत्रिणीशी बोलत होती, तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेचार.

मग म्हणाली, "काकू, मला डान्सचं काही नाहीये. मला बारा पंचवीसचं टेन्शन येतं."

बारा पंचवीसला लंच. अर्धा तास. कॅफेटेरियात कुठे बसायचं हे सव्वा वर्षात ठरलेलं नव्हतं, म्हणून ती लायब्ररीत जायची, तिथे खायला परवानगी नाही, मग डबा तसाच परत. आईला वाटायचं हिला आता पोळीभाजी आवडेनाशी झाली, म्हणून ती पास्ता द्यायला लागली होती. तोही परत यायचा!

इथे मी स्वतः एक घोळ केला तो सांगायलाच पाहिजे. मी म्हटलं, एक मॅच तरी बघून ये, जाऊन तर बघ. ती बिचारी गेली. स्टुडंट सेक्शनमध्ये सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओरडतायत, ही कडेला उभी, फोन बघत, हाफटाइमला बाबांना मेसेज, न्यायला या. गर्दीत एकटं असणं हे घरी एकटं असण्यापेक्षा वाईट असतं हे मला ठाऊक असून मी तिला तिथे पाठवली. पुढच्या वेळी आली तेव्हा आधी सॉरी म्हणाले, ती जरा हसली, आणि तिथून आमचं खरं बोलणं सुरू झालं.

मी विचारलं, पुण्यात तुझ्या मैत्रिणी झाल्या कशा? मला वाटलं गॅदरिंग, सहल असलं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "व्हॅनमध्ये."

स्कूल व्हॅन हो! रोज पाऊण तास, आठ पोरं कोंबलेली, सिंहगड रोडचा ट्रॅफिक, व्हॅनवाल्या काकांची तीच ती जुनी गाणी, दप्तरं मांडीवर. कोणी कोणाला मैत्री करूया म्हणालं नाही, रोज कंटाळा यायचा आणि तो सगळ्यांना एकत्र यायचा, बस. इथे मात्र आई दारात सोडते, दारातून घेते, मधे व्हॅनच नाही. त्यामुळे मी आईवडिलांना म्हटलं, आपण डान्स, मम, मॅच सगळं बाजूला ठेवू आणि हिच्यासाठी एक व्हॅन शोधू, म्हणजे अशी जागा जिथे तीच ती पोरं आठवड्यातून दोन-तीनदा भेटतात, हाताला काहीतरी रटाळ काम असतं आणि छान दिसायची सक्ती नसते.

शाळेच्या क्लबांची यादी घेऊन बसलो. आईने डिबेटवर बोट ठेवलं, बाबांनी कॉलेज ॲप्लिकेशनला काय चांगलं दिसेल ते काढलं (बाबा, प्लीज!). मार्चिंग बॅन्डचाही विषय निघाला, पण त्यांची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते, ऑक्टोबरात शिरता येत नाही. मुलीने नाटकाच्या टेक क्रूवर (सेट वगैरे करणारी टीम) टिक केली. कारण? "तिथे बोलावं लागत नाही." आईचा चेहरा पडला, मुलगी आता पडद्यामागे जाणार म्हणून. मी म्हटलं जाऊ दे.

नोव्हेंबरात शाळेचं नाटक होतं, सेट बांधायचा होता. पहिले दोन आठवडे तिने फक्त प्लायवूड धरलं आणि रंगाचे ब्रश धुतले. इंच कळेना, पाच अष्टमांश म्हणजे किती यावरून एकदा फळी चुकीची कापली, तर शेजारच्या मुलाने सांगितलं त्याने मागच्या वर्षी अख्खा दरवाजा उलटा बसवला होता. तिसऱ्या आठवड्यात डबा रिकामा आला. आईने मला फोटो पाठवला, रिकाम्या डब्याचा! झालं असं की क्रूची पोरं लंचला स्टेजमागेच बसायची, टीचरची हरकत नसायची, हिला कोणी खास बोलावलं नाही, रंग वाळला का बघायला गेली आणि तिथेच खाल्लं.

शाळेच्या काउन्सेलरला हे आधी का दिसलं नाही असं आई चिडून विचारत होती. अमेरिकेतल्या स्कूल काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस एकामागे २५० मुलांची आहे, बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त असतात, वर टाइमटेबलची कामं. मार्क चांगले असलेली, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशी मुलगी त्यांना दिसतच नाही. ईमेल करून भेट मागावी, ते येतात मदतीला, पण कळवावं आपणच लागतं.

आणि एक, आईलाही मी विचारलं होतं, तुमची व्हॅन कुठली? ती गप्प झाली, मग म्हणाली, गणपतीत मंडळात गेले होते, त्यानंतर कोणाशी बोललेलीच नाही. त्यावर आमचं वेगळं काम अजून चालू आहे.

या वर्षीही मुलगी होमकमिंगला गेली नाही. पजामा डेला गेली, पण क्रूने ठरवलं म्हणून सगळे रंगाचे डाग पडलेले कपडे घालून गेले, ते नियमात बसतं का मला माहीत नाही. डान्सच्या शनिवारी यांच्या गॅरेजमध्ये पाच पोरं काहीतरी ठोकत बसली होती. दुपारी आईचा मेसेज आला, "ताई, सगळ्यांसाठी पोहे करतेय, मिरची कमी घालू का?"

मी लिहिलं, नेहमीसारखी घाला, बाजूला दही ठेवा.