अमेरिकन फुटबॉलमधल्या अटलांटा फाल्कन्स संघाने हूलिओ जोन्ससारखा रिसीव्हर (धावत जाऊन पास झेलणारा खेळाडू) २०२१मध्ये का देऊन टाकला?

मुख्य कारण पैसा. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, संघांना खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा असते आणि कोविडमुळे ती त्या वर्षी १९.८२ कोटींवरून १८.२५ कोटी डॉलरवर आली. जोन्सचा एकट्याचा पगार दीड कोटीच्या वर. त्यात वय ३२, मांडीचा मागचा स्नायू (हॅमस्ट्रिंग) सारखा दुखावलेला. आदल्या मोसमात १६पैकी ९च सामने खेळला. रिसीव्हरची सगळी भिस्त वेगावर, आणि हॅमस्ट्रिंग गेलं की आधी वेगच जातो. सौदा १ जूननंतर झाला तोही उगाच नाही: आधीच दिलेल्या बोनसचा खर्चमर्यादेत धरायचा उरलेला बोजा मग दोन वर्षांत विभागता येतो. बदल्यात त्याला घेणाऱ्या टेनेसी टायटन्सकडून ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) दुसऱ्या फेरीतली निवड मिळाली. २०१७च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलच्या अंतिम सामन्यात) साइडलाइनला पायाची बोटं टेकवून त्याने घेतलेला झेल आठवला की आजही हळहळ वाटते, पण फाल्कन्सचं चुकलं नाही.