‘उद्याच निघतो आणि घेऊन येतो’

न्यू जर्सीत समुपदेशन करताना हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. मुलगा दुसऱ्या राज्यात प्रोबेशनवर आहे (म्हणजे तुरुंगाऐवजी कोर्टाच्या अटींवर, ऑफिसरच्या देखरेखीखाली), एकटा पडलाय, त्याला घरी आणलं तर चालेल का? विचारेपर्यंत बऱ्याच घरांत गाडी काढायची तयारी झालेली असते.

इथल्या एडिसन शहरातल्या एका कुटुंबाचंही तसंच होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) मुलगा २४ वर्षांचा, नोकरीसाठी टेक्ससमध्ये. बारमधल्या मारामारीत समोरच्याला लागलं आणि कोर्टाने दोन वर्षांचं प्रोबेशन दिलं. सहा महिने सुरळीत गेले, मग नोकरी गेली आणि भाड्याचा करारही संपत आला. वडील म्हणाले, "दोन दिवसांचा ड्राइव्ह आहे. उद्याच निघतो, घेऊन येतो, बाकीचं मागाहून बघू."

मी त्यांना तिथेच थांबवलं. परवानगीशिवाय राज्य सोडलं की अटींचा भंग होतो, वॉरंट निघू शकतं, आणि सहा महिन्यांच्या नीट हजेरीवर पाणी पडतं. मी वकील नाही, तेव्हा त्यांच्या वकिलाशी बोलायला सांगितलं. पण रस्ता कसा असतो, एवढं मला सांगता येतं.

प्रोबेशनची देखरेख दुसऱ्या राज्याकडे सोपवण्यासाठी राज्याराज्यांत करार आहे. पहिला १९३७ चा, सध्याचा २००२ पासूनचा. पन्नासही राज्यं त्यात आहेत. अर्ज मुलाने त्याच्या टेक्ससच्या प्रोबेशन ऑफिसरमार्फत करायचा. आईवडिलांनी न्यू जर्सीच्या ऑफिसला फोन करून काही हलत नाही. मारामारीत माणसाला इजा झालेली आणि देखरेख वर्षभराहून जास्त, म्हणून गुन्हा किरकोळ गटातला असूनही प्रकरण करारात बसत होतं. देखरेखीचे नव्वदपेक्षा जास्त दिवस शिल्लक हवेत, अटी पाळलेल्या हव्यात. घरचे इथे किमान १८० दिवस राहत असावेत आणि त्याला सांभाळायला तयार असावेत. नोकरी हातात असलीच पाहिजे असं नाही, पण मिळण्यासारखी हवी, नाहीतर पोटापाण्याची सोय दाखवावी लागते. मग न्यू जर्सी चौकशी करतं आणि ४५ दिवसांत उत्तर देतं. तोवर मुलाने तिथेच राहायचं.

आणखी एक गैरसमज दर वेळी निघतो: ‘इकडे आला की तिकडची केस संपली.’ तसं होत नाही. देखरेख न्यू जर्सी करतं, पण केस टेक्ससच्या कोर्टाचीच राहते. मुदत तीच, भरपाईचे पैसेही तिकडेच भरायचे. शिवाय इथला ऑफिसर वर आणखी अटी घालू शकतो.

हे सगळं आईने वहीत लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "चौकशीला माणूस घरी येईल?"

येऊ शकतो, मी म्हटलं. ती गप्प झाली. खरी अडचण इथे होती. सांगलीहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि त्यांना ‘त्याला कामातून वेळच मिळत नाही’ एवढंच सांगितलेलं. नात्यात, मंडळात, सगळीकडे तेच. पुढच्या दोन बैठकांत आम्ही कायद्याबद्दल जवळजवळ बोललोच नाही. बोललो ते सासूबाईंना कोणी सांगायचं, कोणत्या शब्दांत, आणि नवऱ्याने त्या वेळी खोलीबाहेर निघून न जाता बसून राहायचं की नाही याबद्दल. तो तयार नव्हता. "आईचं बीपी वाढेल," म्हणाला. मला वाटतं, भीती बीपीची नव्हती. मुलाच्या हातून घडलेली गोष्ट स्वतःच्या आईसमोर तोंडाने म्हणायची त्याची छाती होत नव्हती. ‘आम्ही त्याला सांभाळू’ असं ऑफिसरला सांगणारं घर आतल्या आत मात्र लपवाछपवी करतंय, हे फार दिवस निभत नाही.

शेवटी त्यानेच सांगितलं. सासूबाई बराच वेळ वाटाणे सोलत राहिल्या. मग विचारलं, "ज्याला लागलं तो पोरगा बरा आहे ना आता?" घरात तोवर हे कोणीच विचारलं नव्हतं.

ऑफिसर आला तेव्हा त्याने मुलाची खोली पाहिली, घरात कोण कोण राहतं ते लिहून घेतलं. सासूबाईंनी शंकरपाळ्यांची बशी पुढे केली, त्याने हसून नको म्हटलं; त्याचा त्यांना आठवडाभर राग होता. मंजुरी अडतिसाव्या दिवशी आली. मुलाने टेक्ससच्या ऑफिसरकडून निघायची परवानगी हातात घेतली आणि मगच बॅग भरली.

ऑक्टोबरात आईचा फोन आला. दिवाळीला सगळे पेनसिल्व्हेनियात मावशीकडे जमणार होते.

"राज्याबाहेर आहे," मी म्हटलं, "ऑफिसरला आधी..."

"विचारलंय हो. शुक्रवारी सांगतो म्हणालाय."